नाव घातलेली वाटी

"याच्यावर नाव घातलंय ना, म्हणून फेअर. गुड नाही लावता येणार," समिधा म्हणाली आणि तिनं पातेलं उपडं करून खिडकीच्या उजेडात धरलं. फोनचा टिक् असा आवाज झाला, पातेलं डावीकडच्या ढिगात गेलं, तिचा हात पुढच्या भांड्याकडे वळला. चित्राबाई चहाचे दोन कप घेऊन दारात उभ्या होत्या. बोलणं काही मोठं नव्हतं. सकाळपासून समिधा हेच करत होती. बाबांचे शर्ट गुड, कोट व्हेरी गुड, बूट फेअर, इस्त्री चालू स्थितीत. हरीशरावांच्या बुटांना फेअर म्हटलं तेव्हाही त्यांना काही वाटलं नव्हतं, टाचा झिजल्याच होत्या. पण हे ऐकलं आणि पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं, आणि खाली पायरीच नसावी, तसं झालं. चहा बशीत सांडला.

"नावानं किंमत कमी होते?"

"होणारच ना. दुसऱ्याचं नाव असलेलं भांडं कोण घेईल, आई? अगं, तिकडे कपावर नुसतं एखाद्या बँकेचं नाव असलं तरी भाव पडतो."

"पण इथं तुला भाव लावायचाय कशाला? इथं टॅक्सच नाही."

"माहितीय."

"आणि इथं दिलेल्याचं तिकडे काही मिळत नाही. कालच म्हणालीस."

"नाहीच मिळत," समिधा म्हणाली. तिनं कप घेतला, एक घोट घेतला आणि तो फरशीवर ठेवून पुन्हा एक डबा उचलला. "सवय आहे गं. नोंद केल्याशिवाय वस्तू हातातून सुटतच नाही माझ्या."

न्यू जर्सीत समिधाचं हेच काम होतं. लोकांची करविवरणं भरायची. तिकडची माणसं घरातलं जुनं सामान धर्मादाय संस्थेला देतात, पावती घेतात आणि तेवढी रक्कम उत्पन्नातून वजा करून घेतात. प्रत्येक वस्तूचा फोटो हवा, तिची अवस्था लिहायला हवी आणि आज बाजारात तिला काय मिळेल ती किंमत लावायला हवी. घेताना काय दिले होते त्याला अर्थ नाही. त्यासाठी तिच्या फोनमध्ये एक सोय होती. सोफा म्हटलं की सोफ्याचा भाव, पांघरूण म्हटलं की पांघरुणाचा. चित्राबाईंनी काल सहज विचारलं होतं, गोधडीला काय येतं गं? समिधानं बोट फिरवून पाहिलं होतं आणि म्हणाली होती, गोधडी नाही यात, चादरीत घालावी लागेल.

हरीशरावांना विमानानं पुण्याला नेलं होतं. इथून गेलेल्या आपल्या माणसांना असंच नेतात, सामानाच्या कप्प्यातून, कागदपत्रांचा गठ्ठा बरोबर देऊन. तिथं सगळं झालं, समिधा अमेरिकेहून थेट तिथंच पोचली, आणि दिवस झाल्यावर दोघी घर आवरायला आखातातल्या या फहाहीलला परत आल्या. चित्राबाईंचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, हरीशरावांच्या इकाम्यावर होता. ते नाहीत म्हणजे याही नाहीत, असं ते सरळ गणित. महिनाअखेर घर रिकामं करायचं. मग पुण्यातल्या बंद फ्लॅटमध्ये राहायचं आणि समिधा व्हिसाचं काही करेल त्याची वाट बघायची. आयुष्यातली इतकी वर्षं या गावात गेली, पण सुटायचं म्हटल्यावर गावानं हाताला जराही धरून ठेवलं नाही. भाजीवाला म्हणाला, मम्मी, खल्लास? त्या म्हणाल्या, खल्लास. त्यानं कोथिंबिरीची जुडी फुकट टाकली.

भांड्यांचं खोकं काल नझीरनं न्हाणीघरावरच्या माळ्यावरून काढून दिलं होतं. नझीर इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार. धुळीनं त्याला इतक्या शिंका आल्या की तो जिन्यात जाऊन बसला. खोक्यावर हरीशरावांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'वापरू नये'. समिधानं ते वाचलं आणि विचारलं होतं, "कल्हई गेलीय का यांची?" चित्राबाई नुसत्याच हसल्या होत्या. स्टीलच्या भांड्यांना कसली आलीय कल्हई? पण तिला तरी ते कुठून कळणार?

आता तीच भांडी खिडकीखाली मांडलेली होती आणि आपापलं नाव वर करून पडली होती. सौ. चित्रा हिस आईकडून. चि. हरीश व सौ. चित्रा यांस, थोरल्या काकांकडून. नावाखाली तारीख. सांगलीच्या भांड्यांच्या पेठेत दुकानाबाहेर एक माणूस मांडीवर भांडं घेऊन बसायचा, हातात कर्र कर्र करणारं यंत्र असायचं, आणि ठिपक्याठिपक्यांनी तो असं सुरेख अक्षर काढायचा की पाहत राहावं. लहानपणी चित्राबाई त्याच्यासमोर उकिडव्या बसून राहायच्या. तो आवाज दातांत जायचा. नाव घातलं की भांडं घरातलं झालं, असं आई म्हणायची. तोवर ते दुकानातलंच. लग्नकार्यात भांडी एकमेकांत मिसळायची, शेजारी जायची, पण संध्याकाळी नावावरून परत यायची. नाव नसलेली भांडी मात्र हरवायची, आणि ती हरवल्याचं कुणाला फारसं वाटायचंही नाही.

समिधाला दाराची घंटा ऐकू आली, खालच्या बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, पोऱ्या पाण्याची बाटली घेऊन आला होता. ती उठून गेली. चित्राबाईंनी वाकून खोक्यात हात घातला. ताटांच्या खाली, वर्तमानपत्राच्या बोळ्यात, ती होती. जाड बुडाची लहानशी वाटी, मुठीत मावणारी. त्यांनी ती बाहेरही पुरती काढली नाही. अंगठा कडेवरून फिरवला तेव्हा ठिपके लागले. चि. सुयोग यास मामाकडून. वाचायची गरज नव्हती. त्यांनी ती पदराखाली घेतली आणि आतल्या खोलीत जाऊन, पासपोर्ट ठेवलेल्या पर्समध्ये टाकली. आपल्याच घरात आपण चोरी करतो आहोत असं वाटलं, आणि पलंगाच्या कडेला बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हरीशराव असते तर तेही तसंच म्हणाले असते.

सुयोग समिधाच्या आधीचा. समिधाला सुयोग माहीत होता, म्हणजे एक फोटो माहीत होता. तो इथंच झाला, इथल्या दवाखान्यात, एका उन्हाळ्यात, बाहेर तूझ, म्हणजे धुळीचं वादळ, उठलेलं, आकाश मातकट, खिडकीच्या फटींत ओली फडकी कोंबलेली. बारशाला इकडचेच चार जण होते. सांगलीहून भावानं मुंबईकडून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ही वाटी पाठवली. चांदीची घ्यायची ऐपत नव्हती त्याची तेव्हा, नुकता नोकरीला लागला होता. पण त्यानं चिठ्ठीत लिहिलं होतं की उष्टावणाला मामानं भरवायचं असतं, मी येऊ शकत नाही, तर माझ्या वाटीतून तरी भरव. सहावा महिना लागला की खीर करायची. चित्राबाईंनी वाटी धुऊन, पुसून डब्यात ठेवली. सहावा महिना लागलाच नाही. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि एका दुपारी हरीशराव दवाखान्यातून एकटेच घरी आले. लहान मुलाला आपल्यात पुरतात. ते आणि त्यांच्या ऑफिसातले तिघे गेले. गावाबाहेर, वाळूत. बाईमाणसानं जायचं नसतं, म्हणून त्या गेल्या नाहीत. जागा हरीशरावांनी पाहिली होती. त्यांनी दोन दगड ठेवले होते म्हणे. पुढे समिधा झाली, तिचं उष्टावण आलं, तेव्हा हरीशरावांनी डबा पुढे केला होता. चित्राबाई म्हणाल्या, नाही, ती त्याची आहे. समिधाला प्लॅस्टिकच्या वाडग्यातून भरवलं.

नव्वदच्या ऑगस्टात इराकी सैन्य आलं आणि पुढे काही आठवड्यांनी हरीशराव म्हणाले, उद्या पहाटे बस आहे, हातात मावेल तेवढंच घ्यायचं. दोन वर्षांची समिधा कडेवर, दुधाची पावडर, पाणी, कागदपत्रं, अंगावरचे दागिने पेटीकोटात शिवलेले. बसऱ्याच्या रस्त्यावर ऊन वर आलं, समिधा पाणी मागायला लागली, त्यांनी बाटलीचं टोपण तिच्या ओठांना लावलं, आणि ते टोपण पाहून त्यांना एकदम वाटी आठवली. डबा फडताळावरच राहिला होता. बसमध्ये सगळ्यांचं काही ना काही राहिलं होतं. एका बाईचा तर नवरा राहिला होता. वाटी राहिली असं कुणाला सांगायचं? पुढे अम्मानजवळचे तंबू, विमान, मुंबई, सांगली, या सगळ्यात त्यांना रात्ररात्र ते फडताळ दिसत असे, आणि नवलाची गोष्ट अशी की मुलगा तिथं राहिला याचं जे कधी नीट रडू आलं नव्हतं, ते वाटी राहिली याचं आलं.

मग भरपाईचे अर्ज आले. युद्धात ज्यांचं जे गेलं त्याची यादी करायची, किंमत लिहायची. सांगलीत भावाच्या घरी जेवणाच्या टेबलावर हरीशराव रेघा आखून बसले. फहाहीलजवळच्या अहमदीत एका कंत्राटदार कंपनीच्या भांडारात हिशेब बघणारा माणूस तो, त्याला यादी म्हटलं की हुरूप यायचा. "चित्रा, फ्रिज कधी घेतला आपण?" "समिधाच्या वेळी." "म्हणजे तीन वर्षं धरू, घसारा जाऊन..." प्रत्येक वस्तूतून ते घसारा वजा करत होते. आजूबाजूला लोक नसलेले गालिचे लिहीत होते, हे इथं पंख्याच्या झिजलेल्या पात्यांचा विचार करत होते. भाऊ चेष्टेनं म्हणाला, "दाजी, शेवटी तुम्हीच त्यांना काहीतरी देणं लागाल." सगळे हसले होते. भांड्यांवर आले तेव्हा ते एकेक नाव आठवून लिहायला लागले. आणि त्यांनी लिहिलं, लहान वाटी, स्टील, एक.

"ती नको," चित्राबाई म्हणाल्या होत्या.

"का?"

"तिची कसली किंमत मागायची? आणि तिलाही घसारा लावणार काय तुम्ही?"

हरीशरावांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. "किंमत नको लावायची तर नको," ते म्हणाले. "पण लिहिलं नाही, तर ती होती हे कुणाला कळणार?"

चित्राबाईंना तेव्हा भयंकर राग आला होता. वाटलं, या माणसाला सगळं कागदावरच हवं असतं. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या. वाटी यादीत राहिली. आज पलंगाच्या कडेला बसून, बाहेरच्या खोलीतून येणारा फोनचा तो टिक् टिक् आवाज ऐकताना, त्यांना ते वाक्य हरीशरावांच्या आवाजात, घशातल्या त्या बारीक खरखरीसकट पुन्हा ऐकू आलं. खिडकीतून दोन इमारतींच्या मधली समुद्राची फट दिसत होती. तिच्यावर ऊन पडलं होतं आणि ती पत्र्यासारखी चमकत होती. एसीतून पाण्याचा एक थेंब पडायचा, थांबायचा, पुन्हा पडायचा. समिधाचं कपाळ बापासारखं. ती रुसली की कपाळावर उभी आठी पडते. तीही असंच काहीतरी लिहीत बसली आहे बाहेर, कुणी न मागितलेलं.

युद्ध संपल्यावर हरीशराव आधी परत आले, चित्राबाई समिधाला घेऊन मागून आल्या. आकाश अजून काळपट होतं. जुन्या घराचं दार उचकटलेलं. फ्रिज नाही, टीव्ही नाही, पंखेसुद्धा काढून नेलेले, पलंगावरची गादी नेलेली, भिंतीतल्या तारा ओढून नेलेल्या. आणि स्वयंपाकघरात फडताळावर सगळी भांडी जशीच्या तशी. वर काजळी, पण एकही हललं नव्हतं. डबा उघडला तर वाटी आत. चित्राबाईंनी ती पदरानं पुसून मुठीत घेतली. ज्यांनी तारा सोडल्या नाहीत त्यांनी भांडी का सोडली असतील? चित्राबाईंचं उत्तर तेव्हाच ठरलं होतं आणि ते त्यांनी कधी बदललं नाही. भांड्यांवर नावं होती. नेणाऱ्यांना ती लिपी वाचता येणार नव्हती हे काय त्यांना कळत नव्हतं? पण हात लावताना बोटाला ठिपके लागले असतील, हे कुणाचं तरी आहे एवढं कळलं असेल. नावानं राखलं, असं त्या अनेक वर्षं मनाशी म्हणत आल्या. आणि आता नाव घातलंय म्हणून फेअर.

त्या आनंदात हरीशराव नव्हते. ते दाराशी उभे होते, चेहरा उतरलेला. "चित्रा, ही आपण लिहिलीयेत," ते म्हणाले. चित्राबाईंना आधी कळलंच नाही. गेलेल्या सामानात ही भांडी लिहून अर्ज गेला होता, सहीनिशी. हरीशरावांनी दुरुस्तीचं पत्र लिहिलं. पत्र जायचं कुणाकडे हेच कुणाला नीट ठाऊक नव्हतं, उत्तर आलं नाही. ऑफिसातली माणसं त्यांना हसली. पुढे बऱ्याच वर्षांनी पैसे आले, समिधाच्या शिक्षणाला लागले, आणि त्या दिवशी हरीशरावांनी भांडी खोक्यात भरून माळ्यावर टाकली. "यांचे पैसे घेतलेत आपण. आता ही आपली नाहीत." "मग कुणाची?" चित्राबाईंनी विचारलं होतं. "ज्यांनी पैसे दिले त्यांची," ते अडखळत म्हणाले, आणि खोक्यावर लिहिलं, वापरू नये. टाकून दिली नाहीत, कुणाला दिली नाहीत, कारण दुसऱ्याची वस्तू दान कशी करायची? चित्राबाई चिडल्या, अबोला धरला, शेवटी हसल्या. फहाहीलच्या बाजारातून नवी भांडी आणली, नाव नसलेली. पण वाटीसाठी त्या एकदा, एकदाच, म्हणाल्या होत्या, "तेवढी एक काढून द्या मला." "तीही लिहिलीय ना गं," हरीशराव म्हणाले. आणि त्यांचे डोळे भरून आले तेव्हा चित्राबाईंना कळलं की हा हट्ट नाही, हा माणूस दुसरं काही करूच शकत नाही. त्यानंतर त्यांनी माळ्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. त्याच सुमारास हरीशराव एका शुक्रवारी ती जागा बघायला जाऊन आले होते. आले ते बूट न काढता खुर्चीत बसून राहिले. रस्ता बदललाय, म्हणाले. सगळं सपाट केलंय. दगड नाहीत.

"आई, जेवायचं ना?" समिधा दारात आली. "आणि ते विठ्ठल येणारेत ना तीनला? भांडी त्यांनाच द्यायचीत?"

"हो. त्यांच्या खोलीवर सगळे मिळून करून खातात. त्यांना होतील. आणि भांडी इथली इथंच राहतील."

समिधानं आत पाहिलं. पर्स मांडीवर, हात पर्सवर. ती जवळ येऊन बसली. "खोक्यात एक वाटी होती," ती म्हणाली. "सकाळी पाहिली मी. फोटो नाही काढला."

चित्राबाईंनी पर्स उघडली. मग भांडी का वापरायची नाहीत, ते सांगितलं. फार वेळ लागला नाही. समिधा ऐकता ऐकता एकदा हसली, "टिपिकल बाबा," म्हणाली, आणि मग तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.

"बरोबर ने ना तू. बाबा आता काही म्हणणार नाहीत."

"म्हणून तर," चित्राबाई म्हणाल्या.

"आई, प्लीज. एवढीशी वाटी. कुणी विचारणारे का?"

"त्यांना तरी कुणी विचारलं होतं?"

त्यांनी जेवणं आटोपली, खिचडी आणि लोणचं, उरलेल्या दोन ताटल्यांत. वाटी न्यायची कुठं? पुण्याच्या त्या बंद फ्लॅटमध्ये, की समिधाच्या घरी, जिथं सगळ्या वस्तूंना अवस्था असते? आणि न्यायची म्हणजे ज्याची ती त्याच्यापासून न्यायची. तो इथंच कुठंतरी होता. नक्की कुठं हे ठाऊक असलेला शेवटचा माणूस विमानानं निघून गेला होता, आणि आता त्याही निघणार, मग या एवढ्या देशात त्याचं म्हणावं असं कुणी उरणार नव्हतं. ठेवून जावी म्हटलं तर कुणापाशी? समिधा हात धुवायला गेली तेव्हा त्यांनी उठून वाटी खोक्यात परत ठेवली, ताटांच्या खाली, कागदाच्या बोळ्यात, कुणाला दिसू नये अशी. ठेवल्यावर बोटं रिकामी रिकामी वाटली. त्यांनी ती पदराला पुसली.

विठ्ठल तीनला म्हणून साडेतीनला आला. लांज्याकडचा. अहमदीत एसीच्या नळ्या बसवण्याचं काम करायचा, कंत्राटावर, बायकापोरं गावाला. दर गणपतीत यांच्याकडे मोदकांना यायचा आणि जाताना न सांगता एसीची जाळी धुऊन जायचा. आज आला तो आधी हरीशरावांच्या खुर्चीकडे बघून उभा राहिला. मग डोळे पुसून म्हणाला, "काकी, काका नाय तर घर कसं मोठं वाटतंय ओ."

"सामान गेलं ना रे, म्हणून. बस. चहा घे."

"चा नको. खाली गाडीवाला बोंबलंल, अर्ध्या तासाच्या बोलीवर आणलाय." मग समिधाकडे वळून, "ताई, आमच्या खोलीत ताटं कमी न् माणसं जास्त. चौघं जेवतात, बाकीचे त्यांच्या तोंडाकडं बघत बसतात. लय पुण्य लागंल तुम्हाला."

"पुण्याचं माझ्याकडे खातं नाही," समिधा म्हणाली. तो हसला.

तो खोक्यापाशी उकिडवा बसला. बाहेरची भांडी रचण्यासाठी त्यानं आतली ताटंही काढायला घेतली, वाजतील, घासतील म्हणून प्रत्येकाला कागद लावायला लागला. आणि लग्नपत्रिका वाचावी तसं एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागला. "सौ. चित्रा हिस आईकडून. आयला, काय अक्षर हाय. थोरल्या काकांकडून. काकी, किती वर्सांनी मराठीतलं नाव भांड्यावर बघतोय. आमची आय पण असंच घालून घ्यायची." चित्राबाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. त्याचा हात ताटांच्या खाली गेलेला त्यांना दिसला. कागद उलगडल्याचा आवाज आला.

"चि. सुयोग यास मामाकडून," विठ्ठलनं वाचलं.

खोलीत तो शब्द उभा राहिला. हरीशराव तो उच्चारत नसत, त्याही उच्चारत नसत. बारशाच्या दिवशी चार जणांनी पाळण्याशी वाकून तो उच्चारला होता तसाच, मोकळ्या आवाजात, विठ्ठलनं उच्चारला.

"सुयोग म्हणजे तुमचा मुलगा काय, काकी?"

"हो."

"मला वाटलं ताईच एकट्या. कुठं असतो? ताईंच्या तिकडं अमेरिकेला?"

"नाही," चित्राबाई म्हणाल्या. "इथंच असतो."

समिधानं मान वर केली. विठ्ठल क्षणभर गोंधळला, इतक्या गणपतींत कधी दिसला नाही असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावरून गेलं, पण मोठ्या माणसांच्या घरातलं काही असेल म्हणून त्यानं ते गिळलं. त्यानं वाटी पुढे केली.

"इथंच असतो तर ही कशाला देताय मग? त्याला लागंल."

चित्राबाईंनी वाटी घेतली. ती घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या. फडताळं सगळी रिकामी होती, ओट्यावर फक्त चहाचं सामान राहिलं होतं. त्यांनी नळाखाली वाटी धरली, आतून बाहेरून धुतली, पदरानं कोरडी केली. रिकामं भांडं कुणाच्या हातात देऊ नये, आई सांगायची, चिमूटभर साखर तरी घालावी. त्यांनी साखरेची बाटली उपडी केली. होती नव्हती ती सगळी साखर वाटीत पडली, शीग लागली, थोडी ओट्यावर सांडली. आपण काय करतो आहोत हे त्यांना हात थांबल्यावर कळलं. सांडलेले दाणे त्यांनी बोटांनी गोळा करून वर टाकले. बाहेर कुणी हाक मारली नाही.

"त्याला नाही लागली," बाहेर येऊन त्या म्हणाल्या. "तू ने. पण एक ऐक. माळ्यावर टाकू नकोस, डब्यात घालून ठेवू नकोस. रोज वापरायची. आमटी घे, ताक घे, काहीही घे. आणि तू गावाला गेलास की खोलीत जो राहील त्याच्याकडे दे. इथून हलवू नकोस ती."

विठ्ठल उठून उभा राहिला होता. त्याला काय समजलं आणि किती, ते कळायला मार्ग नव्हता. त्यानं दोन्ही हात पँटीला पुसले, वाटी दोन्ही हातांत घेतली, आणि आपल्याकडे घेतात तशी एक चिमूट साखर उचलून तोंडात टाकली. "गोड हाय," तो उगाचच म्हणाला. मग वाटी खोक्यात न ठेवता त्यानं ती खिडकीच्या कट्ट्यावर उजेडात ठेवली आणि पाठमोरा होऊन खोकं दोरीनं बांधायला लागला.

समिधा फोन घेऊन कट्ट्यापाशी गेली. तिनं कोपर भिंतीला टेकवलं. टिक् असा आवाज झाला. साखरेचे दाणे उन्हात चमकत होते आणि शिगेखाली ठिपक्याठिपक्यांचं ते नाव स्वच्छ दिसत होतं.

"आई," ती वळून न बघता म्हणाली, "हिला काय लावू?"

"नवी," चित्राबाई म्हणाल्या. "नवी लिही. आजच वापरायला काढलीय."